नोंदवहीतील नाव : सिस्टर डॉ. रूथ फाऊ यांची कुष्ठसेवा

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूपुढे गुडघे टेकतो आणि प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. हा उतारा आपण पवित्र मिस्सात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि त्या स्पर्शावरील प्रवचनेही पुष्कळ ऐकली आहेत. परंतु त्यानंतर लगेच जे घडते त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बऱ्या झालेल्या त्या माणसाला प्रभू थेट घरी पाठवीत नाही. याजकाकडे जाऊन स्वतःस दाखव, असे तो त्याला बजावतो. लेवीय ग्रंथातील नियमानुसार याजकाने तपासून 'हा शुद्ध आहे' असे जाहीर केल्याखेरीज कुष्ठरोग्याला वस्तीत परत येता येत नसे. म्हणजे त्या काळीही बरे होणे दोन टप्प्यांचे होते. आधी शरीर बरे व्हायचे आणि मग समाजाने त्याची नोंद घ्यायची. दुसरा टप्पा राहून गेला, तर पहिला असून नसल्यासारखाच.

कराचीतील धर्मभगिनी डॉ. रूथ फाऊ यांचे जीवनकार्य समजून घ्यायचे असेल, तर हा दुसरा टप्पा ध्यानात ठेवावा लागतो. १० ऑगस्ट २०१७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्या ख्रिस्तवासी झाल्या. तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना 'पाकिस्तानच्या मदर तेरेझा' असे संबोधले. हे संबोधन आदराचे असले तरी दोघींच्या कार्यातील एक महत्त्वाचा फरक त्यात झाकला जातो. मदर तेरेझांनी मरणोन्मुखांना कुशीत घेतले. सिस्टर रूथ यांनी कुशीत घेतलेच, शिवाय एक देशव्यापी व्यवस्था उभारली. कुष्ठरोग्यांच्या झोपडपट्टीत मलमपट्टी करीत त्यांनी आयुष्य वेचले असते, तरी कोणी त्यांना नाव ठेवले नसते. तेवढ्यावर न थांबता त्या नोंदवह्या, नकाशे आणि प्रशिक्षणवर्ग यांच्या मागे लागल्या. त्यांच्या सेवेचे खरे वैशिष्ट्य येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

रूथ फाऊ यांचा जन्म ९ सप्टेंबर १९२९ रोजी जर्मनीतील लाइपझिश या शहरात झाला. त्यांचे बालपण हिटलरच्या राजवटीत आणि महायुद्धाच्या छायेत गेले. बाँबहल्ल्यात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. युद्ध संपले तरी हाल संपले नाहीत. उपासमारीच्या आणि औषधटंचाईच्या त्या दिवसांत त्यांचा तान्हा भाऊ दगावला. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय त्या मृत्यूतून जन्मला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. लाइपझिश सोव्हिएत अंमलाखाली गेल्यावर १९४८ मध्ये त्या सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत आल्या आणि माइन्झ व मारबुर्ग येथील विद्यापीठांत त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले.

श्रद्धेकडे त्यांचा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. नाझी काळात वाढलेल्या कित्येक तरुणांप्रमाणे त्यांनाही युद्धानंतर सर्वच गोष्टींविषयी शंका होती. या काळात त्यांची गाठ एका वृद्ध डच ख्रिस्ती स्त्रीशी पडली. ही बाई छळछावणीतून जिवंत परतली होती आणि प्रीती व क्षमा यांचा संदेश देण्यासाठी तिने आपले उरलेले आयुष्य वाहिले होते. ज्यांनी छळले त्यांच्याच देशात येऊन क्षमेविषयी बोलणाऱ्या या स्त्रीने तरुण रूथच्या मनावर खोल ठसा उमटविला. १९५१ मध्ये त्यांनी प्रॉटेस्टंट पंथात स्नानसंस्कार घेतला आणि १९५३ मध्ये त्या कॅथोलिक ख्रिस्तसभेत आल्या. विवाहाचा मार्गही त्यांच्यापुढे खुला होता. तो बाजूला सारून १९५७ मध्ये त्यांनी 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी', अर्थात मारियेच्या हृदयाच्या कन्या, या धर्मसंघात प्रवेश केला.

या धर्मसंघाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाचकांना तो फारसा परिचित नसावा. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत मठ बंद पाडले जात होते आणि संन्यस्तांना हाकलून दिले जात होते. त्या वेळी येशूसंघीय फादर द क्लोरिव्हिएर आणि मारी अॅडलेड द सिसे या स्त्रीने मिळून हा संघ स्थापन केला. विशिष्ट पोशाख नाही, उंच भिंतींचा मठ नाही. व्रते मात्र पूर्ण, आणि राहणी भोवतालच्या लोकांसारखी, अशी त्याची रचना होती. छळाच्या काळात नाइलाजाने स्वीकारलेली ही पद्धत पुढे पाकिस्तानसारख्या देशात फार उपयोगी पडली. सिस्टर रूथ सलवार-कमीज घालीत, डोक्यावर ओढणी घेत आणि एखाद्या स्थानिक प्रौढ स्त्रीप्रमाणे वावरत. त्यांच्या केंद्राला लाभलेले 'मारी अॅडलेड' हे नाव याच संस्थापिकेचे.

धर्मसंघाने त्यांना भारतात पाठविण्याचे ठरविले होते. ८ मार्च १९६० रोजी त्या कराचीत उतरल्या त्या केवळ वाटेवरचा मुक्काम म्हणून. भारताच्या व्हिसाची अडचण उद्भवली आणि मुक्काम लांबला.

कराची आपल्याला परकी नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि १९४८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत कराचीच्या कॅथोलिकांचे धार्मिक पालकत्व मुंबईकडे होते. तेथील ख्रिस्ती समाजात गोव्याहून गेलेल्या कुटुंबांची मोठी संख्या होती. सिस्टर रूथ तेथे पोहोचल्या तेव्हाचे आर्चबिशप जोसेफ कॉर्डेरो हे मुंबईत जन्मलेले. १९७३ मध्ये ते कार्डिनल झाले. फाळणीने सीमा आखली, पण धर्मग्रामांतील आडनावे दोन्ही बाजूंना तीच राहिली.

त्याच शहरात, सिटी रेल्वे स्थानकाजवळ, मॅक्लिऑड रोडच्या मागे कुष्ठरोग्यांची एक वस्ती होती. पुठ्ठे, गोणपाट आणि पत्रे यांची झोपडी, मधून वाहणारे सांडपाणी आणि सगळीकडे उंदीर. कुष्ठरोगाने बधिर झालेली बोटे रात्री उंदरांनी कुरतडली तरी झोपलेल्या माणसाला जाग येत नसे. त्याच धर्मसंघाच्या मेक्सिकन भगिनी, औषधशास्त्रज्ञ बेरेनिस व्हार्गास, तेथे एक लहानसा दवाखाना चालवीत होत्या. जुन्या लाकडी खोक्यांच्या फळ्या ठोकून तो उभारलेला होता. तेथे ना वीज होती ना नळ.

सिस्टर रूथ पाहुण्या म्हणून तेथे गेल्या. त्यांच्याच वयाचा एक तरुण दोन्ही हात आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवीत, चिखलातून रांगत दवाखान्यात आला. सिस्टर रूथ यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. त्यांना हादरा बसला तो त्याच्या व्यंगाने नव्हे. तो तरुण निर्विकार होता. जणू माणसाने असेच जगायचे असते, अशा सहजतेने तो रांगत होता. आपल्या वयाच्या एका माणसाला हे स्वाभाविक वाटावे, हे त्यांना असह्य झाले. त्या दिवशी त्यांनी कराचीत राहण्याचा निर्णय घेतला आणि पुढची ५७ वर्षे तो बदलला नाही.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. संतचरित्रे वाचताना आपल्याला वाटते की, देवाचे पाचारण म्हणजे आखीव मार्ग. सिस्टर रूथ यांचा आखीव मार्ग भारताचा होता आणि तो एका कागदावर अडला. त्यांनी कागदाची वाट पाहत दिवस ढकलले नाहीत, इतकेच.

मात्र भारताशी त्यांचा संबंध तुटला नाही. १९६१ मध्ये त्या तमिळनाडूतील वेल्लोर येथे कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेण्यास आल्या. त्यांनी नेमके वेल्लोर का निवडले, हे समजण्यासाठी या रोगाचे स्वरूप थोडे जाणून घ्यायला हवे. आजही सुशिक्षित घरांत त्याविषयी चुकीच्या समजुती आढळतात.

कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉ. आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो शोधून काढला. तो पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही, देवाचा कोप नाही आणि आनुवंशिकही नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे, तेही दीर्घकाळच्या निकट सहवासात, त्याचा प्रसार होतो. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. हस्तांदोलनाने किंवा एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही. जंतू अतिशय सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे आणि काही वेळा २० वर्षेही जातात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, त्या जागी स्पर्श कळत नाही, हातापायांना मुंग्या येतात, अशी त्याची सुरुवात असते. चट्टा दुखत नाही आणि खाजतही नाही. म्हणून तर माणूस दुर्लक्ष करतो.

बोटे झडतात ती कशाने? जंतू बोटे खातो अशी समजूत शतकानुशतके होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी या समजुतीला धक्का दिला. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, त्यामुळे वेदना नाहीशी होते. मग तापलेले भांडे हातात धरले तरी कळत नाही, चपलेतला खिळा टोचला तरी कळत नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट जाते. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ब्रँड म्हणत ते याच अर्थाने. वाकलेली बोटे सरळ करण्यासाठी दुसरीकडचा स्नायुबंध तेथे जोडण्याच्या शस्त्रक्रियाही वेल्लोरला विकसित झाल्या. सिस्टर रूथ तेथून कराचीला परतल्या त्या ही दृष्टी घेऊन: जे व्यंग आपण रोगाचे फळ समजतो, त्यातील बरेचसे टाळता येण्याजोगे असते. रुग्ण लवकर सापडला पाहिजे आणि स्वतःचे हातपाय रोज तपासण्यास त्याला शिकविले पाहिजे.

रुग्ण लवकर सापडला पाहिजे, हे वाक्य लिहायला सोपे आहे. कराचीच्या वस्तीतील दवाखान्यात जे येत, ते रोगाने सर्व काही हिरावून घेतल्यानंतर येत. ते येत कोठून? बलुचिस्तानच्या वाळवंटातून, सरहद्द प्रांतातून, उत्तरेकडील पर्वतराजीतून, आझाद काश्मीर म्हणविल्या जाणाऱ्या भागातून. म्हणजे दवाखाना कितीही उत्तम चालला, तरी तो शेवटच्या पायरीवर बसलेला होता. वरून माणसे घरंगळत येत राहणार आणि खाली त्यांना मलम लावले जाणार. सिस्टर रूथ यांनी नोंदी ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा नेमके हे चित्र त्यांच्यासमोर उभे राहिले. रुग्णाचे नाव, वय, गाव, टोळी, घरातील माणसे, पहिला चट्टा केव्हा दिसला. भिकारी म्हणून ज्याची ओळख पुसली गेली होती, त्याला पुन्हा नाव आणि गाव मिळाले. आणि शेकडो नावे एकत्र मांडली तेव्हा देशाच्या नकाशावर रोगाचे ठिपके दिसू लागले.

१९६३ मध्ये संस्थेने कराचीच्या सदर भागात इमारत घेतली आणि तेथे 'मारी अॅडलेड लेप्रसी सेंटर' सुरू झाले. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. झरीना फझलभॉय यांच्यासारखे स्थानिक डॉक्टर साह्याला आले. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथील कुष्ठरोग साह्य संस्थेकडून आर्थिक पाठबळ मिळू लागले. शहराच्या मध्यवस्तीत कुष्ठरोग्यांचे रुग्णालय, हेच त्या काळी आक्रित होते. मुंबईत १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला तो शहराबाहेर, माटुंगा-वडाळ्याच्या बाजूला. (हेच अॅक्वर्थसाहेब मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणूनही आपल्याला ठाऊक आहेत.) कुष्ठरोग्याला दूर ठेवायचे आणि मग दया दाखवायची, ही जगभरची रीत होती. मोलोकाई बेटावरील संत फादर डेमियन यांना तर त्या बेटावर जाऊनच राहावे लागले. सिस्टर रूथ यांच्या काळापर्यंत डॅप्सोन हे औषध उपलब्ध झालेले होते. त्यामुळे रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण उरले नव्हते. उरली होती ती भीती.

भीतीवर त्यांनी योजलेला उपाय साधा होता. बरे झालेले रुग्ण आणि रुग्णांच्या कुटुंबांतील तरुण यांनाच त्यांनी शिकवून तयार केले. त्यांना 'लेप्रसी टेक्निशियन' म्हणत. चट्ट्यावर कापसाचा बोळा किंवा पीस फिरवून स्पर्शज्ञान तपासणे, त्वचेचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, औषधांचे हिशेब ठेवणे, जखमा धुणे, खास मऊ रबराच्या तळव्याच्या चपला देणे आणि मुख्य म्हणजे रुग्णाच्या घरी जाऊन घरातल्या सगळ्यांना तपासणे, हे त्यांचे काम. ज्या गावाने एखाद्याला हाकलून दिले होते, त्याच गावात तो हाती नोंदवही आणि औषधांची पेटी घेऊन परतला, तर गावकऱ्यांना प्रवचनाची गरज उरत नसे. त्याचे परत येणे हेच पुरेसे होते. शिवाय ही माणसे त्याच भाषेची, त्याच टोळीची. पश्तून, बलुची, सिंधी, काश्मिरी वस्त्यांत जर्मन डॉक्टरीणबाईंना जे दार उघडले नसते, ते यांना उघडे.

काही दारे मात्र फक्त त्यांनाच उघडत. पडद्यातील स्त्रियांची तपासणी पुरुष कर्मचारी करू शकत नसे. म्हणून सिस्टर रूथ स्वतः जीपमधून, कधी पायी, दुर्गम खोऱ्यांत जात. घरच्यांनी गुहेत किंवा गुरांच्या गोठ्यात वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले रुग्ण त्यांनी बाहेर काढले. त्यांत लहान मुलेही होती. हे कुटुंबीय दुष्ट होते असे त्या मानीत नसत. त्यांना रोगाचे स्वरूप कोणी सांगितले नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

१९६८ मध्ये एक मोठे पाऊल पडले. पाकिस्तान सरकारने संस्थेच्या सहकार्याने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. ख्रिस्ती धर्मभगिनींनी आरंभिलेले काम सरकारी आरोग्ययंत्रणेशी जोडले जावे, यात काही हितचिंतकांना धोका वाटू शकतो. संस्थेचे वेगळेपण काय राहणार? श्रेय कोणाला? सिस्टर रूथ यांचा विचार व्यवहारी होता. दानशूरांच्या देणग्या कधीतरी आटतात, धर्मभगिनी म्हाताऱ्या होतात, पण रुग्णाला औषध दर महिन्याला लागते. म्हणून औषध मिळणे ही कोणाची कृपा असू नये. नागरिकाचा तो हक्क असावा. १९७९ मध्ये सरकारने त्यांची कुष्ठरोगविषयक केंद्रीय सल्लागार म्हणून नेमणूक केली. संस्थेच्या जाळ्यात पुढे देशभर १५७ केंद्रे आली आणि ५०,००० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले.

मार्ग नेहमीच सुकर नव्हता. डॅप्सोन वर्षानुवर्षे, कधी जन्मभर घ्यावे लागे. रुग्ण कंटाळून सोडून देत. पुढे जंतूही या औषधाला दाद देईनासे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशा एकत्रित औषधांच्या बहुविध उपचारांची शिफारस केली आणि चित्र पालटले. आता उपचार ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो आणि औषधे सुरू होताच रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. परंतु औषध कितीही प्रभावी असले, तरी ते वाळवंटातील मेंढपाळापर्यंत नियमाने पोहोचवायला माणसे लागतात. ती माणसे आणि त्या नोंदवह्या पाकिस्तानात आधीच तयार होत्या. म्हणून १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेथे कुष्ठरोग नियंत्रणात आल्याचे जाहीर केले, तेव्हा आशियात ही मजल गाठणाऱ्या पहिल्या देशांत पाकिस्तानची गणना झाली. भारताने राष्ट्रीय पातळीवर हे उद्दिष्ट २००५ च्या अखेरीस गाठले.

नियंत्रण म्हणजे उच्चाटन नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असे त्याचे गणित आहे. पाकिस्तानात अजूनही दरवर्षी काही शे नवे रुग्ण सापडतात. भारतात ही संख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास राहिली असून जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्या देशातील आहेत. आपल्या राज्यात पालघर, गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत अद्याप नवे रुग्ण आढळतात. औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे मराठी माणसाच्या मनातील कुष्ठरोग्याविषयीची घृणा पुष्कळ ओसरली, हे खरे. तरीही चट्टा लपविण्याची वृत्ती गेलेली नाही. विशेषतः लग्नाच्या मुलीच्या अंगावर तो दिसला तर.

लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या देशात ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण मानले जात होते. इतर समाजांच्या कायद्यांतही तशी तरतूद होती. २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ती काढून टाकली. सहा किंवा बारा महिन्यांत बरा होणारा आजार २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात संसार मोडण्याचे कारण म्हणून टिकून होता आणि आपल्यापैकी कितीजणांना त्याची माहिती होती? शुभवर्तमानातील तो याजकाकडे जाण्याचा टप्पा आपल्याकडे इतका लांबला.

सिस्टर रूथ यांच्या कार्याविषयी एक प्रश्न हटकून विचारला जातो. मुस्लिमबहुल देशात एका कॅथोलिक धर्मभगिनीला हे कसे करता आले? त्यांचे बहुसंख्य रुग्ण मुसलमान, कर्मचाऱ्यांत मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू असे सर्व. त्यांनी आपली श्रद्धा लपविली नाही आणि कोणावर लादलीही नाही. सेवेच्या मोबदल्यात त्यांनी कोणाकडे काही मागितले नाही, हे लोकांनी पाहिले होते. अफगाणिस्तानात युद्ध पेटले असताना १९८० च्या दशकात त्या सीमा ओलांडून तेथील रुग्णांपर्यंत पोहोचल्या. १९८८ मध्ये त्यांना पाकिस्तानचे नागरिकत्व बहाल करण्यात आले. त्या देशाचे हिलाल-ए-इम्तियाज आणि हिलाल-ए-पाकिस्तान हे सन्मान त्यांना मिळाले. २००२ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही लाभला. पुरस्कारांची यादी बरीच मोठी आहे. ती येथे देत नाही.

कुष्ठरोगाचे रुग्ण घटू लागले, तेव्हा संस्थेपुढे एक वेगळाच पेच उभा राहिला. वाड्यावस्त्यांत पोहोचलेल्या प्रशिक्षित माणसांचे पुढे काय? कार्य यशस्वी झाले म्हणून संस्था बंद करायची, की अस्तित्वासाठी काम शोधत बसायचे? हा पेच अनेक धर्मादाय संस्थांना पडतो आणि पुष्कळदा त्याचे प्रामाणिक उत्तर दिले जात नाही. येथे उत्तर नोंदवह्यांनीच दिले. कुष्ठरोगाच्या शोधात घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना खोकणारी माणसे आणि मोतीबिंदूने आंधळे झालेले वृद्ध आढळत होतेच. म्हणून त्याच यंत्रणेने क्षयरोगाचे आणि अंधत्वनिवारणाचे काम अंगावर घेतले. २००५ च्या काश्मीर भूकंपात आणि २०१० च्या महापुरात हीच माणसे मदतकार्यास धावली. वय झाल्यावर सिस्टर रूथ दैनंदिन कारभारातून बाजूला झाल्या आणि संस्थेची धुरा मर्विन लोबो यांच्याकडे गेली. स्वतः मात्र त्या केंद्राच्या आवारातच एका साध्या खोलीत राहत होत्या आणि रुग्णांना भेटत होत्या.

१९ ऑगस्ट २०१७ रोजी कराचीच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अंत्यविधीची पवित्र मिस्सा झाली. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष ममनून हुसेन उपस्थित होते. राष्ट्रध्वजात गुंडाळलेली शवपेटी सैनिकांनी खांद्यावर घेतली आणि त्यांना तोफांची सलामी देण्यात आली. ज्या देशात ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला अनेकदा भय आणि दुःख येते, तेथे एका धर्मभगिनीला संपूर्ण शासकीय इतमामात निरोप दिला गेला. सिंध सरकारने कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलला त्यांचे नाव दिले.

त्यांच्या शेवटच्या इच्छा सहकाऱ्यांनी नंतर सांगितल्या. आपल्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवू नये. आपला देह एकदा केंद्रात, रुग्णांमध्ये नेला जावा. आणि दफन करताना आपल्याला लाल रंगाचा, नवरीचा पोशाख घालावा. पहिल्या दोन इच्छा डॉक्टरीणबाईंच्या वाटतात. तिसरी आजन्म व्रते घेतलेल्या धर्मभगिनीची. अंत्यविधीच्या दिवशी त्यांची शवपेटी प्रथम सदरमधील मारी अॅडलेड केंद्रात आणली गेली, तेथून कॅथेड्रलकडे आणि मग गोरा कब्रस्तान या ख्रिस्ती दफनभूमीत.